पांगळ्याचे गिरिलंघन



गीतापाठाच्या आधी ध्यानाचे श्लोक म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यांपैकी एका श्लोकात माधवाला वंदन असून त्याच्या कृपेच्या दोन खुणा सांगितल्या आहेत. मुक्याला वाचा येते आणि पांगळा डोंगर ओलांडतो. पाठशाळेत हा श्लोक आला की आमचे गुरुजी क्रियापदावर थांबवीत. म्हणत, “अरे, नीट पाहा. पांगळा ओलांडतो असे येथे म्हटलेले नाही. कृपा त्याला ओलांडावयास लावते, असे म्हटले आहे. हे प्रयोजक रूप आहे.” प्रयोजकात दोन कर्ते असतात. एक करविणारा, दुसरा प्रत्यक्ष करणारा. करविणारी कृपा खरी. पण ओलांडणारा कोण? पांगळाच. वाक्यात त्याला कर्माची विभक्ती लागली म्हणून तो काही गाठोडे होत नाही. वैयाकरण त्याला प्रयोज्य कर्ता म्हणतात. त्याचे कर्तेपण कोणी काढून घेतलेले नाही.

श्रोते हो, एवढे व्याकरण पदरात बांधून ठेवा. पुढचे सगळे निरूपण त्यावरच उभे आहे.

आता दृष्टांत पाहू. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तो रायगड आपणां सर्वांना ठाऊक आहे. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांतही तो आहे. पायी चढावयाचा तर दीड हजाराच्या घरात पायऱ्या. चांगल्या तरुणाचीही पोटरी भरून येते. त्या गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. हिरकणीची कथा लहान पोरालाही पाठ असते. गडावर दूध घालायला गेलेली ही बाई. संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ. गड उतरायला वाट नाही, म्हणून ती माउली रात्रीच्या वेळी सरळ कडाच उतरून गेली. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधविला अशी कथा सांगतात.

त्याच हिरकणीवाडीतून १९९६ साली गडावर जाणारा रोपवे सुरू झाला. तारेला लटकलेला डबा चार-पाच मिनिटांत कड्यावर पोचतो. पुष्कळ लोक त्या डब्याला पाळणा म्हणतात. पाहा कसा योग आहे! ज्या कड्यावरून एक आई पाळण्यातल्या बाळासाठी खाली उतरली, त्याच कड्यावर आता पाळणा चढतो. आणि त्यात गुडघे गेलेली म्हातारी, अर्धांगवायूने एक अंग लुळे पडलेला म्हातारा, कधी पाऊल न टाकलेले मूल, असे कोणीही बसू शकते.

दुसरे उदाहरण सप्तशृंग गडाचे. कळवण तालुक्यातील हे अर्धे शक्तिपीठ. गावापर्यंत मोटार जाते, पण तेथून देवीच्या चरणांशी जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या. २०१८ सालापासून तेथे रुळांवरून दोराने ओढली जाणारी ट्रॉली चालते. याला फ्युनिक्युलर म्हणतात. जिला आजवर पायरीवर डोके टेकवून खालूनच परत फिरावे लागे, तिला आता अठरा हातांच्या भगवतीसमोर उभे राहता येते, किंवा बसल्या जागी हात जोडता येतात.

या फ्युनिक्युलरची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात परमार्थ भरलेला आहे. एका दोराची दोन टोके, आणि दोन्ही टोकांना एकेक डबा. वरच्या ठाण्यावर मोठे चाक. दोर त्यावरून फिरतो. एक डबा खाली येऊ लागला की दुसरा वर जाऊ लागतो. उतरणाऱ्याचे वजन चढणाऱ्याला ओढते. यंत्राला सगळा भार उचलावा लागत नाही. दोन्ही भारांतला फरक आणि घर्षण एवढेच त्याच्या वाट्याला येते. म्हणजे काय? तर कोणी तरी खाली आल्यावाचून दुसरा सुखाने वर जात नाही. आपण वारकरी भेटलो की एकमेकांच्या पाया पडतो. लहान-मोठा पाहत नाही. ती नुसती रीत नव्हे, तेच हे चाक आहे. तू खाली वाक, तो वर जातो; तो खाली वाकतो, तू वर जातोस.

येथे कोणी पूर्वपक्ष करील. “बुवा, यात्रा म्हटली की कष्ट आले. पायी चालावे, घाम गळावा, तेव्हा पुण्य. यंत्रात बसून चार मिनिटांत गड गाठला, ती यात्रा कसली?” शंका रास्त आहे. ज्याला पाय आहेत त्याने जरूर चालावे. मीही त्याला हेच सांगेन. परंतु कष्टाचे माप पायांवर लावावयाचे की मनावर, याचा निर्णय संतांनी पूर्वीच देऊन ठेवला आहे. तो कूर्मदासाच्या चरित्रात आहे.

महिपतींनी १७६२ साली पुरा केलेल्या भक्तविजयात कूर्मदासाची कथा येते. हा पैठणचा. त्याला हातही नाहीत, पायही नाहीत. पंढरीची महती कानी पडली आणि कार्तिकीला निघाला. कसा? जमिनीवर गडबडा लोळत. वाटेतले लोक अन्नपाणी देत. असे करीत करीत तो लऊळपर्यंत आला. हे लऊळ माढे तालुक्यात आहे. आजही तेथे त्याचे स्थान आहे. एकादशी तोंडावर आली, अंग सोलपटून निघाले, पंढरी गाठण्याची आशा राहिली नाही. तेव्हा त्याने यात्रेकरूंच्या हाती देवाला चिठ्ठी दिली की, मला काही तेथवर येणे होत नाही, तूच ये. आणि देव संतांना घेऊन लऊळला आला.

येथे थांबून विचार करा. देवाला सोपे उत्तर देता आले असते. “तुझा भाव पोचला, घरी बसून नाम घे, तुझी वारी झाली असे समज” असा निरोप पाठविला असता तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. पण त्याने तसे केले नाही. कूर्मदासाच्या देहाने जेवढे अंतर कापले ते कूर्मदासाचे. उरलेले अंतर देव स्वतः चालला. वाट दोघांनी मिळून पुरी केली. हाच तो प्रयोजकाचा अर्थ. कृपा म्हणजे पांगळ्याच्या वतीने दुसऱ्याने चालणे नव्हे. त्याच्या चालण्यातली जी उणीव राहिली, तेवढी भरून काढणे म्हणजे कृपा.

दुसरा पूर्वपक्ष याहून कठीण आहे. “ज्याचे त्याचे पूर्वकर्म, भोगून संपवावे.” बाबांनो, कर्मविपाकाचा सिद्धांत आपण आपले तपासावे म्हणून आहे, दुसऱ्याची खुर्ची पाहून त्याच्या मागच्या जन्माचा हिशेब मांडण्यासाठी नाही. देवाने कूर्मदासाला पूर्वकर्म विचारल्याचे कथेत कोठे लिहिलेले नाही.

आता आमच्या गावाकडे येऊ. मी राहतो ते पिंपरीतील संत तुकाराम नगर. तुकोबारायांची पालखी देहूहून निघून आकुर्डीचा मुक्काम करून पुण्याकडे जाते, ती आमच्या जवळच्या मुंबई-पुणे रस्त्याने. त्याच रस्त्यावर उंच खांबांवरून मेट्रो धावते. ६ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या मेट्रोचा पिंपरीकडचा पहिला टप्पा सुरू झाला, त्यात संत तुकाराम नगर नावाचे स्थानक आहे. स्थानक उंचावर, पण वर जायला लिफ्ट. चाकाच्या खुर्चीतला माणूस रस्त्यावरून थेट फलाटावर जातो. ज्या स्थानकाला तुकोबांचे नाव, तेथे कोणी पायऱ्यांपाशी अडून राहू नये, हे नावाला शोभतेच.

आमचा हा सगळा पट्टा, पिंपरीपासून भोसरी, चाकणपर्यंत, कारखान्यांचा. येथे ज्यांनी आयुष्य काढले त्यांच्या देहावर त्याच्या खुणा आहेत. कोणाची बोटे प्रेसवर गेली, कोणी उंचावरून पडून कण्याला मार बसला, कोणाचे गुडघे तीस वर्षे उभ्याने काम करून झिजले. हेच लोक संध्याकाळी टाळ घेऊन भजनाला येतात. म्हणून हा विषय आमच्याकडे पुस्तकातला नाही.

आमच्या नगरातले एक गृहस्थ कीर्तनाचे जुने श्रोते आहेत. कामावर अपघात झाला, कमरेखालचे अंग गेले, चाकाच्या खुर्चीला बारा-तेरा वर्षे झाली. एकदा मुलाने त्यांना रायगडावर नेले. परत आल्यावर मी विचारले, “काय पाहिलेत?” म्हणाले, “महाराज, पाळण्यात बसताना दोघांनी हात दिला, मग कडाच खाली जायला लागला. वर गेल्यावर सगळा सह्याद्री समोर. ढग खाली आणि मी वर. अपघातानंतर मी कोणतीही गोष्ट वरून पाहिलीच नव्हती. बसलेल्या माणसाला सगळे जग मान वर करून पाहावे लागते.”

पुढे ते जे बोलले ते मी अनेक कीर्तनांत सांगितले आहे. वरच्या ठाण्यापासून पुढे मेणा दरवाजाकडे गडाच्या जुन्या पायऱ्या लागतात. शिवकाळचा गड, त्याचे दगड आहेत तसेच जपावयाचे. त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, पाठीवर घेतो, जगदीश्वराचे आणि समाधीचे दर्शन करवतो.” यांनी नको म्हटले. “तू जाऊन ये. मी इथे बसतो, मला पुष्कळ दिसते आहे.” मी विचारले, “संकोच वाटला का?” तर म्हणाले, “संकोच नाही, महाराज. मुलाची पाठ ती, परकी थोडीच! पण माणूस दुसऱ्याच्या पाठीवर बसला की समोरचे काही पाहत नाही. वाहणाऱ्याचा श्वास मोजत बसतो.”

सज्जनहो, या एका वाक्यात कर्ता आणि कर्म यांतला सगळा भेद आला. पाळण्यात ते कर्ते होते. पाठीवर कर्म झाले असते. पाठ देणाऱ्याचे प्रेम थोर आहे, त्याला माझा नमस्कार आहे. परंतु रोज पाठ मागावी लागणे हे सुख नव्हे.

आणि आता मनाला लागणारी गोष्ट सांगतो. हे गृहस्थ रायगडाच्या कड्यावर जाऊन आले. पण एका मंदिरात माझे कीर्तन होते, तेथे ते बाहेर रस्त्यावर, कर्ण्याखाली बसून ऐकत होते. का? सभामंडपाला तीन पायऱ्या. दीड हजार पायऱ्यांचा गड जिंकला आणि तीन पायऱ्यांनी हरविले! उचलून आणणारे दहाजण तेथे होते, पण त्यांनी कोणाला हाक मारली नाही; कारण वर सांगितलेच आहे.

कूर्मदासापासून देव होता लऊळ ते पंढरपूर एवढ्या अंतरावर. ते अंतर देव चालून आला. या तीन पायऱ्यांचे अंतर कोणी चालावयाचे? मंदिरातला देव विटेवर उभा आहे. त्याचे हात कमरेवर आहेत. तेव्हा येथे हात आपले लागतील.

खर्च फार नाही. जाणत्यांचे माप असे की, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार करावा, म्हणजे खुर्चीतला माणूस आपल्या हातांनी चाके फिरवीत चढतो. तीन पायऱ्या मिळून दीड फूट धरल्या तर अठरा फुटांचा रॅम्प झाला. बाजूला धरायला कठडा, वर-खाली खुर्ची वळेल एवढी सपाट जागा, आणि दारात तीन फुटांची मोकळी रुंदी. रॅम्प उभा करू नये. उभा केला की तो घसरगुंडी होतो आणि पुन्हा ढकलणारा शोधावा लागतो. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि २०१७ साली तो लागू झाला. त्यानेही सार्वजनिक जागी अशी सोय असावी असे ठरविले आहे. परंतु वारकऱ्याला कायद्याने हे सांगण्याची पाळी येऊ नये. आपली वाळवंटातली शिकवणच अशी आहे की, रिंगणात कोणी बाहेर उभा राहत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खुर्चीला हात लावण्याआधी “माउली, हात देऊ का?” असे विचारावे. ती खुर्ची म्हणजे त्यांचे पाय आहेत; दुसऱ्याचे पाय कोणी न विचारता उचलतो काय? आणि कीर्तनात त्यांना मागे कोपऱ्यात जागा देऊ नये, टाळकऱ्यांच्या रांगेजवळ द्यावी. त्यांच्याशी बोलताना आपण खाली बसावे. आपण खाली बसलो की त्यांची मान वर करण्याची सक्ती सुटते. हेही त्या दोराच्या चाकासारखेच: आपण उतरलो की ते चढतात.

तात्पर्य, पांगळ्याने पर्वत ओलांडावा ही भगवंताची इच्छा जुनी आहे. रायगडी आणि सप्तशृंगी दोराने ती इच्छा पुष्कळ अंशी पुरी केली. उरलेले काम शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांचे आहे, आणि ते आपल्या दाराशी आहे. आषाढीच्या आधी प्रत्येक भजनी मंडळाने आपल्या मंदिराच्या पायऱ्या मोजाव्यात. वाळू, सिमेंट, चार दिवसांचे श्रमदान, एवढ्याने होण्यासारखी ही सेवा आहे. मग त्या उतारावरून जो आपल्या हाताने चाके फिरवीत आत येईल, त्याच्या मागून देव आत येईल. तो लऊळची वाट विसरलेला नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!