मुळशीची जमीन आणि पडद्यावरचा तारणहार

‘जुन्याची सर नव्याला नाही’ हा निकाल आपल्याकडे चित्रपट संपायच्या आतच लागतो. मग तो सुपरमॅन असो, स्पायडरमॅन असो, की आपला फुरसुंगीचा फास्टर फेणे. २००२ सालचा टोबी मॅग्वायर डोळ्यांसमोर असलेल्यांना २०१२ चा अँड्र्यू गारफिल्ड पचत नाही, आणि गारफिल्डवर जीव असलेल्यांना २०१७ चा टॉम हॉलंड अगदीच पोरगेला वाटतो. याच्या उलट दुसरा पक्ष आहे. तो सांगतो, प्रत्येक कलाकृती स्वतंत्र असते. आधीचं डोक्यातून काढून टाका आणि कोरी पाटी घेऊन बसा. पहिला पक्ष आठवणींच्या गोडीत अडकलेला, तर दुसरा विसरभोळेपणालाच रसिकता समजणारा. माझं म्हणणं असं की नव्याची जुन्याशी तुलना व्हायलाच हवी, पण ती ज्या मापाने आपण करतो ते माप खोटं आहे. हे पटवायला हॉलिवूडपर्यंत जायचं कारण नाही. पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं तरी पुरे.

२३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ प्रदर्शित झाला. तरडे स्वतः मुळशी तालुक्यातले. गावचा एकेकाळचा पाटील जमीन विकतो, पैसा येतो तसा जातो, आणि पुण्यात मिळेल ते अंगमेहनतीचं काम करायची पाळी घरादारावर येते. त्याचा मुलगा राहुल बापाचा अपमान पाहत गुन्हेगारीत शिरतो आणि ‘भाई’ होतो. ओम भूतकर यांचा राहुल, मोहन जोशी यांचा बाप आणि उपेंद्र लिमये यांचा पोलीस अधिकारी लोकांच्या मनात बसले. तीनच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०२१ ला, महेश मांजरेकर यांनी याच कथेवर हिंदीत ‘अंतिम’ आणला. राहुल झाला आयुष शर्मा, बाप सचिन खेडेकर आणि पोलीस अधिकारी साक्षात सलमान खान.

मग भूगाव, पिरंगुट, पौडच्या टपऱ्यांवर गुण वाटायला सुरुवात झाली. ‘ओम्याची नजर बघ, त्याला तोड नाही.’ ‘अरे, पण भाईची एंट्री बघितली का?’ कोणी मोहन जोशींच्या बाजूने, कोणी खेडेकरांच्या. कमाई कोणाची जास्त, गाणं कोणाचं भारी, यावर चहाचे पेले रिकामे झाले. एक प्रश्न मात्र राहून गेला. पहिल्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी सातबारा होता. मग दुसऱ्याच्या केंद्रस्थानी कोण येऊन उभं राहिलं?

‘अंतिम’मध्ये जमीन नाही असं नाही. शेत आहे, बाप आहे, त्याची हतबलता आहे. पण सलमान खान ज्या चौकटीत उभा राहतो त्या चौकटीत बाकीच्यांना कडेला सरकावंच लागतं. पोलीस अधिकारी आता कथेतला एक माणूस उरत नाही, तो वरून उतरलेला तारणहार होतो. शर्ट उतरवून दोन पिळदार देह एकमेकांवर धावून जातात तेव्हा प्रेक्षक शिट्ट्या मारतो, आणि त्या शिट्ट्यांमध्ये खरेदीखताचा कागद कुठे उडून गेला ते कळतही नाही. तालुक्याचं नाव तर पोस्टरवरूनच गेलं. जे दुखणं एका मुलखाचं होतं ते दोन मर्दांच्या झुंजीत मिटवलं गेलं. केप आणि मुखवटा नसला तरी हा सुपरहीरोचाच साचा आहे: प्रश्न हजारोंचा, उत्तर एकाच्या मुठीत.

याचा अर्थ जुनं ते पवित्र आणि त्याला हात लावणं पाप, असा कोणी घेऊ नये. मराठी परंपरेत नव्याने सांगण्याला कधीच बंदी नव्हती. एकनाथांनी रामकथा मराठीत नव्याने मांडली. पुढे याच पुणे जिल्ह्यातल्या बारामतीत बसून मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक तर प, फ, ब, भ, म हे ओठांनी उच्चारायचे वर्ण पूर्ण टाळून. कोणी त्यांना ‘वाल्मीकींची सर नाही’ म्हणून हाकललं नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे हे समीकरण झालं. तरी २०१५ च्या चित्रपटात सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले, त्यांच्यासाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले, आणि नव्या पिढीला त्या गाण्याची गोडी लागली. जुन्याला राखणदार बसवले असते तर हे घडलं नसतं.

तुकोबांचंच पाहा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. विष्णुपंत पागनिसांचा तो भाबडा, तेजस्वी चेहरा इतका ठसला की पुढे कित्येकांना तुकाराम म्हटलं की पागनिसच दिसत. त्या चित्रपटात चमत्कार आहेत, शेवटी विमान येतं. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी जितेंद्र जोशींना घेऊन ‘तुकाराम’ केला. त्यात दुष्काळ आहे, बुडालेला व्यापार आहे, घरातली भूक आहे, आणि या सगळ्यातून घडत जाणारा एक माणूस आहे. ‘पागनिसांसारखा दिसतो का’ एवढंच विचारलं तर नवा चित्रपट पहिल्याच फेरीत बाद होईल. पण ‘तुकोबांबद्दल आधी न विचारलेलं याने काय विचारलं’ असं म्हटलं की त्याचं मोल कळतं. देवत्वाचा थर थोडा बाजूला करून याने माणूस दाखवला. जुन्याशी ताडून पाहिल्यानेच ते दिसलं. कोरी पाटी घेऊन बसलेल्याला ते दिसलंच नसतं.

तेव्हा तुलना चेहऱ्यांची, मिशांची, संवादफेकीची करायची नाही. तुलना करायची ती प्रश्नाची. मूळ कथेत दुःख कोणाचं होतं? नव्या कथेत ते कोणाच्या नावावर चढलं? जो भाग गाळला तो गाळल्याने कोणाची सोय झाली? चित्रपट जर जुन्याच्या पुण्याईवर तिकिटं विकत असेल, तर हे प्रश्न विचारायचा अधिकार प्रेक्षकाला त्या तिकिटासोबतच मिळतो.

हे माप खुद्द सुपरहीरोंना लावून पाहा. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी सुपरमॅन छापात आणला. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. त्यांचा पहिला सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवत होता, भ्रष्ट राजकारण्याच्या मानगुटीवर बसत होता, आणि मजुरांच्या सुरक्षेकडे काणाडोळा करणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवून ठेवत होता. मंदीत होरपळलेल्या अमेरिकेतल्या गरिबाने पाहिलेलं ते स्वप्न होतं. पंच्याहत्तर वर्षांनी, २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये, दोन बलाढ्य परग्रहवासी भांडतात, अख्खं शहर कोसळतं, आणि माणसं धुळीत पळताना दिसतात. हेन्री कॅव्हिल चांगला की ख्रिस्तोफर रीव्ह, हा वाद वर्षानुवर्षं चालेल. तो खाणमालक कुठे गेला, हे कोण विचारणार?

आपल्याकडेही हेच झालं. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) दोनच वर्षांनी ‘धडक’ झाला. कथा उदयपूरला गेली, वाडे आले, रंग आले, आणि ज्या जातीच्या भिंतीवर आर्ची-परशाची गोष्ट आपटून फुटते ती भिंतच फिकट झाली. लोक मात्र जान्हवी कपूरला रिंकू राजगुरूची सर आहे का, यावर भांडत राहिले. भांडण नायिकेवर नेलं की जातीवर बोलायला नको, केवढी सोय!

कोणी म्हणेल, अहो, ही करमणूक आहे, एवढं काय तिचा कीस पाडता? पण करमणूक चित्रपटगृहातच राहत नाही. ती फ्लेक्सवर येते, मोबाइलच्या स्टेटसवर येते, वरातीत नाचते. ‘मुळशी पॅटर्न’ पाहून किती पोरांनी बापाची झुकलेली मान लक्षात ठेवली आणि किती जणांनी भाईची चाल उचलली, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावं. याचा सगळा दोष प्रेक्षकावर टाकून मूळ चित्रपटालाही मोकळं सोडता येणार नाही. इशारा म्हणून उभा केलेला गुंड पडद्यावर बापापेक्षा रुबाबदार दिसत असेल, तर तो इशारा अर्धाच पोचणार. आधीचा म्हणून त्याला माफी, हा न्याय नव्हे.

आणि ‘मुळशी पॅटर्न’च्याही आधीची एक आवृत्ती आहे. ती पडद्यावरची नाही. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. मुंबईला वीज हवी होती, त्यासाठी मावळातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या जागी येऊन बसले. मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते; बाया-माणसं तुरुंगात गेली. त्याच वेळी पुण्यातल्या ज्या सावकारांकडे या जमिनी अडकल्या होत्या, त्यांच्यातले अनेकजण नुकसानभरपाई घेऊन मोकळे व्हायला तयार झाले. ज्याच्या नावावर कागद तो राजी आणि ज्याच्या हातात नांगर तो बेघर! १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. धरण झालं. पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं, वीज मुंबईला गेली. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मुळशीकरांना कोणी शिकवावी लागत नाही.

आज मुळशी सत्याग्रह म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एकच नाव, सेनापती बापट. ते नाव थोर आहेच, ‘सेनापती’ ही पदवीही त्यांना याच लढ्याने दिली. पण बापटांच्या मागे उभी असलेली शेकडो माणसं आपण कथेतून काढून टाकली. कोणत्या गावातून कोण तुरुंगात गेलं, कोणत्या बाईने धरणाच्या कामापुढे बसून मार खाल्ला, हे त्याच गावांतल्या शाळेत शिकवलं जात नाही. सामुदायिक लढ्याची आपण एकनायकी गोष्ट केली. मांजरेकरांना नावं ठेवण्याआधी हे मान्य करावं लागेल की तारणहाराची आवड त्यांनी आपल्याला लावलेली नाही. ती आपल्यातच होती, त्यांनी तिला फक्त पोलिसाची वर्दी चढवली.

१९२१ मध्ये जमीन हिसकावली गेली. त्यानंतर हिंजवडीला आयटी पार्क आलं, डोंगरात लवासा आलं, आणि दरम्यान तालुक्यात गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली. पहिल्या वेळी समोर कंपनी आणि सरकार होतं. नंतर एजंट गावातला, साक्षीदार भावकीतला, विसार पावती हॉटेलात झालेली आणि अंगठा आपला. ‘बाहेरच्यांनी लुटलं’ हे अर्धसत्य आहे. गळ्यात जाड सोनसाखळी घालून गुंठामंत्री म्हणून मिरवलेला माणूस बाहेरचा नव्हता.

याहून जड एक गोष्ट दोन्ही चित्रपटांत जवळजवळ नाहीच, आणि ती गावातही कोणी मोठ्याने बोलत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्याने मान्य केलं आणि २००५ पासून तो देशाचा कायदा झाला. तरी जमीन विकायची वेळ आली की सासरी असलेल्या बहिणीला बोलावणं जातं. पुरणपोळी होते, साडी होते, आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र समोर येतं. ‘माहेर तुटेल’ या एका भीतीवर सही होते. त्या पैशाची फॉर्च्युनर दारात उभी राहते आणि भाचा मामाच्या गाडीच्या बोनेटवर बसून फोटो काढतो. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये बाप रडतो, मुलगा पेटतो, दोघांची शोकांतिका होते. जिच्या वाट्याची जमीन तिची इच्छा न विचारताच संपली, तिची शोकांतिका अजून कोणी लिहिलेलीच नाही.

म्हणून मुळशीची तिसरी आवृत्ती जेव्हा येईल, तेव्हा तिला आधीच्या दोन्हींच्या शेजारी उभं करून जरूर जोखा. नवा राहुल ओम भूतकरसारखा बोलतो का हे पाहू नका. त्या बहिणीची सही पडद्यावर दिसते का ते पाहा. गावातला एजंट दिसतो का ते पाहा. शेवट एका मर्दाच्या गोळीने होतो की चार माणसांनी एकत्र बसून घेतलेल्या निर्णयाने होतो, ते पाहा. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवावेत, आणि नंतर मुलामुलींना आवडता नट न विचारता आपापल्या घरचा सातबारा वाचून यायला सांगावं. फेरफार कधी झाले, कोणाची नावं कमी झाली, का झाली, हे त्यांनी आजीला विचारावं. असं समीक्षण कोणत्याही वृत्तपत्राच्या तारांकनापेक्षा मोलाचं ठरेल.

नायक बदलला म्हणून तावातावाने भांडणाऱ्यांनी खातेदार का बदलला, हेही तितक्याच तावाने विचारलं पाहिजे. ते विचारायला तिकीट लागत नाही. ग्रामसभेला हजर राहावं लागतं, आणि तिथे कोणी तारणहार येत नाही, हे आधीच धरून चालावं लागतं.