घर विकताना स्वच्छता कोणाची?



अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावी भाड्याने राहणारी माणसे बरीच असतात. शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या परिचारिका, एस.टी.चे चालक-वाहक, बदली होऊन आलेले बँक कर्मचारी, शिवाय राजूर, कोतूळ, समशेरपूर या बाजूंनी शिक्षणासाठी आलेली मुले. काहींची एकाच घरात पाच-सात वर्षे निघून जातात. मग एके दिवशी घरमालक निरोप घेऊन येतात, "मॅडम, घर विकायला काढलंय. रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. जरा नीटनेटकं ठेवा."

तेथून कुरबुर सुरू होते. गिऱ्हाईक येऊन जाते, सौदा जमत नाही, आणि मालकाचा राग घराच्या अवस्थेवर निघतो. भिंती कळकट झाल्या, मोरीत शेवाळ धरले, ओट्यामागे तेलाचे थर बसले, आता अनामत रकमेतून कापून घेईन, असे ते म्हणतात. भाडेकरू म्हणते, "काका, पाच वर्षांत एकदा तरी रंग दिला का? कौलं गळतात म्हणून किती वेळा सांगितलं? आणि घर विकणार तुम्ही, पैसे मिळणार तुम्हाला, मग मी कशासाठी घासायचं?"

हा शेवटचा प्रश्न सहज उडवून लावण्याजोगा नाही. ज्या विक्रीमुळे आपले बिऱ्हाड उठणार आहे, त्याच विक्रीसाठी आपण घर चकचकीत करावे काय? न्यायाने पाहता भाडेकरूकडे नेमके किती देणे लागते?

उत्तर शोधण्यासाठी प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक मळ, दुसरी झीज आणि तिसरी इमारतीची नादुरुस्ती. ओट्यावरचा तेलकट थर, तुंबलेली मोरी, कोपऱ्यातली जळमटे हा मळ आहे. तो राहणाऱ्याने केला, राहणाऱ्याने काढावा. वर्षानुवर्षे पाय पडून फरशीची गेलेली चकाकी, हात लागून काळवंडलेली दाराची कडी, उन्हाने उडालेला रंग ही झीज आहे. घर वापरले की ती होणारच, आणि भाडे घेतले जाते ते या वापराचेच. गळके छप्पर, भिंतीत मुरलेली ओल, फुटलेला पाइप ही नादुरुस्ती आहे. तिची काळजी मालकाने घ्यावी. बहुतेक भांडणे अशी होतात की मालक झिजेला मळ म्हणतो आणि भाडेकरू मळाला झीज म्हणतो.

कायद्यानेही हीच विभागणी केली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेपट्ट्याने राहणाऱ्याने जागा जशी मिळाली तशा स्थितीत राखावी आणि परत करावी, मात्र वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्याला जोडलेली यादी वाचण्यासारखी आहे. भिंतींना चुना-रंग, दारे-खिडक्यांचे रंगकाम, नळाचे पाइप, विजेची वायरिंग आणि इमारतीची दुरुस्ती मालकाकडे. नळ व त्याचे वायसर बदलणे, मोरी-गटार साफ करणे, स्विच, कुलूप, खिडकीची काच हे भाडेकरूकडे. आपल्या घरातला वाद या यादीवर ठेवून पाहिला तर निम्मा तरी तेथेच मिटेल. दोघांनी वेगळे ठरवले असेल तर तसे लिहून ठेवावे.

म्हणजे भाडेकरू स्वच्छता लागतो, सजावट लागत नाही. रोजची झाडलोट, धुतलेली मोरी, निघताना रिकामे व पुसलेले घर इतके त्याचे कर्तव्य. विक्रीला चांगला भाव यावा म्हणून रंग काढणे, पडदे बदलणे, आपले सामान दुसरीकडे हलवणे हे त्याचे काम नव्हे. मालकाला ते हवे असेल तर खर्च मालकाने करावा आणि त्यासाठी विनंती करावी, हुकूम सोडू नये.

आता दुसरी बाजू पाहू. घर जाणार या रागाने काही जण मुद्दाम पसारा ठेवतात. गिऱ्हाईक यायच्या दिवशी भांडी तशीच पडून राहतात, मोरीचा वास आधीच सुटलेला असतो. सौदा मोडला की दोन महिने आणखी मिळतात. यामागची भीती खोटी नसते. मुलांची परीक्षा मार्चमध्ये असते, त्या भाड्यात दुसरे घर मिळत नाही, म्हातारी आई नव्या गल्लीत रुळेल की नाही याची चिंता असते. पण ही अडचण घाणीच्या आडून सांगण्यात दोन नुकसाने होतात. मालकाला खरी गरज कळतच नाही, त्याला फक्त गलिच्छपणा दिसतो. आणि आपण स्वतः त्या घाणीत राहतो. त्यापेक्षा "काका, एप्रिलअखेरपर्यंत आम्हाला राहू द्या, मग आम्ही घर स्वच्छ करून देतो" असे सरळ म्हणणे अधिक मानाचे. करार भाडेपट्ट्याचा असेल तर केवळ विक्रीने तो संपत नाही. त्याच १८८२ च्या कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो. मात्र 'लिव्ह अँड लायसन्स' असेल तर नवा मालक त्याने बांधला जात नाही, असे सुविधाधिकार कायद्याचे कलम ५९ सांगते. म्हणून रागावण्याआधी आपला कागद काढून वाचावा.

प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात (१६:१२) एक प्रश्न विचारला आहे. जे परक्याचे आहे त्याबाबत तुम्ही विश्वासू राहिला नाहीत, तर तुमचे स्वतःचे तुम्हाला कोण देईल, असा त्याचा आशय. भाड्याच्या घराला हा प्रश्न अगदी चपखल बसतो. ज्या भिंतीत आपण खिळे मारतो ती भिंत आपली नाही, तरी काही वर्षे ती आपल्या हाती सोपवलेली आहे. ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सातव्या आज्ञेखाली भाड्याच्या करारांचा उल्लेख करतो आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान केल्यास भरपाई करावी असे सांगतो (परिच्छेद २४०९, २४१०). चोरी करू नको ही आज्ञा अशी मोरीपर्यंत येऊन पोहोचते. तीच आज्ञा, केवळ झीज झाली म्हणून अनामत रक्कम दाबून ठेवणाऱ्या मालकालाही लागू आहे.

यानंतर येतो उंबऱ्याचा प्रश्न. घर मालकाचे असले तरी संसार भाडेकरूचा असतो. न सांगता गिऱ्हाईक घेऊन येणे, आंघोळीच्या वेळी दार ठोठावणे, कपाट उघडून दाखवणे, देवाच्या तसबिरीपुढे उभे राहून "इथे भिंत पाडता येईल" असे बोलणे या गोष्टी मनाला लागतात. अनुवादाच्या पुस्तकात (२४:१०-११) याविषयी एक सुंदर नियम आहे. कर्ज देणाऱ्याने तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, आणि ऋणकोने वस्तू बाहेर आणून द्यावी. सावकाराचा हक्क मान्य केला आहे, पण उंबरा ओलांडण्याचा अधिकार दिलेला नाही.

लेवीय १४ मध्ये तर घराच्या भिंतींचीच तपासणी आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घरधन्याने स्वतः याजकाला कळवायचे. पावसाळ्यात ज्यांच्या भिंतींवर बुरशी येते त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. याजक पाहायला येण्यापूर्वी घर रिकामे करायला सांगतो, म्हणजे आतले सामान अशुद्ध ठरून घरच्यांचे नुकसान होऊ नये. मग सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा पाहणी होते. डाग पसरला असेल तर ते दगड काढून नवे बसवायचे, भिंत खरवडून नवा गिलावा करायचा. इतके करूनही डाग परत आला तरच घर पाडायचे. आधी सूचना, मग सवड, मग दुरुस्ती, आणि शेवटचा उपाय अगदी शेवटी, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्वच्छतेचा हेतू चांगला असला तरी घरात शिरण्याची रीत उद्धट असेल तर काय होते, हे महाराष्ट्राने १८९७ साली पुण्यात पाहिले. प्लेगची साथ खरी होती, घरे तपासणेही गरजेचे होते. पण सोजिरांनी घराघरांत, स्वयंपाकघरापर्यंत शिरून झडत्या घेतल्या, आणि त्या संतापाच्या दिवसांत २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. हत्येचे समर्थन होऊ शकत नाही. पण दुसऱ्याच्या घरात पाऊल कसे टाकावे हा प्रश्न किती नाजूक आहे, ते त्यातून कळते. नमुना कायदाही मालकाला आत यायचे असल्यास किमान २४ तास आधी कळवायला सांगतो. आपल्याकडे इतके जरी पाळले तरी पुष्कळ झाले.

या वादातली सर्वांत दुखरी जागा मात्र वेगळीच आहे. मालक चिडला की "घर घाण आहे" हे वाक्य बदलून "ही माणसंच घाण" असे होते. पुढच्या वेळी तो एजंटाला सांगतो, "चांगली, स्वच्छ माणसं बघा." या 'स्वच्छ' शब्दाच्या पोटात जात, धर्म, ताटातले मटण-मासळी असे बरेच काही लपलेले असते. आपल्या धर्मग्रामातल्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानात नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला आणि तुम्ही ही जागा बाटवली म्हणून संध्याकाळपर्यंत निघून जा असे त्यांना बजावले. त्यांनी तेथे कचरा केला नव्हता की भाडे बुडवले नव्हते. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. त्या उत्तराचा अर्थ बाबासाहेबांना नंतर उलगडला. बाप्तिस्मा झाला होता, पण विटाळाची कल्पना त्या घरातून गेली नव्हती. आपल्यापैकी ज्यांची स्वतःची घरे आहेत आणि जे खोल्या भाड्याने देतात, त्यांनी ही हकीकत विसरू नये. मळ भिंतीला लागतो, फरशीला लागतो. तो माणसाच्या जन्माला चिकटवणे हे पाप आहे.

शेवटी, घर बघायला येणाऱ्याचाही विचार केला पाहिजे. तो आयुष्यभराची बचत घेऊन आलेला असतो. मालकाने ओलीवर चुना मारून दिला आणि गिऱ्हाइकाने भाडेकरूला बाजूला घेऊन विचारले, "ताई, पावसाळ्यात गळतं का हो?" तर काय सांगायचे? सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतः सांगितला पाहिजे, असे कायद्याचे कलम ५५ म्हणते. म्हणून ही वेळ भाडेकरूवर येऊच नये. आलीच तर जेवढे गळते तेवढेच सांगावे. सौदा मोडावा म्हणून थेंबाची धार करू नये, आणि मालकाच्या भीतीने धारेचा थेंबही करू नये. आधी मालकाला म्हणावे, "काका, मला विचारलं तर मी खरं सांगेन. तुम्हीच सांगून टाका."

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे त्यांनी काही गोष्टी करून पाहाव्यात. घर घेतानाच दोघांनी मिळून खोलीखोलीची नोंद करावी, मोबाइलवर फोटो काढावेत आणि दोघांकडेही ठेवावेत. विक्री ठरली की घर दाखवण्याचे आठवड्यातले दोन दिवस व वेळ ठरवून घ्यावी, त्या वेळी भाडेकरूने घर झाडून ठेवावे व मालकाने इतर वेळी येऊ नये. अनामत रकमेतून काही कापायचे असेल तर कशाचे किती ते कागदावर लिहून द्यावे. पटत नसेल तर पोलीस चौकी किंवा कोर्ट गाठण्यापूर्वी दोघांच्या विश्वासातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून, त्याच्यासमोर घर पाहावे.

संत पौल रोममध्ये पूर्ण दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला आणि येईल त्याचे त्याने स्वागत केले, असे प्रेषितांची कृत्ये (२८:३०) सांगते. त्याच्यानंतर त्या घरात कोण राहायला आले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आपल्यानंतर येणारे कुटुंबही आपल्याला माहीत नसते. त्यांच्याही घरात लहान मूल असेल, ते त्याच फरशीवर रांगेल. मालकाशी आपले पटले असो वा नसो, निघण्याच्या दिवशी केर काढताना त्या मुलाची आठवण ठेवावी.