अंधारातला नेम

अमेरिकेत नेमबाजीच्या काही स्पर्धा मुद्दाम रात्री भरवितात. स्पर्धक घड्याळाशी झुंजत काळोखात एकेक लक्ष्य शोधीत जातो. तिची तयारी मात्र दिवसाउजेडी, टेबलावर होते. विजेरीत नवे सेल घालावयाचे, जादा सेल चाचपताच सापडतील असे ठेवावयाचे, रंगीत चष्म्याऐवजी स्वच्छ काचांचा घ्यावयाचा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास साधारण ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाची एक तिरीप ती घालविते. म्हणून सामान हाताळण्यासाठी मंद तांबडा दिवा निराळा बाळगावयाचा.

या सामानातील एक निवड मला विचार करावयास लावते. दिवा बंदुकीच्या नळीखाली जडविता येतो, किंवा निराळी विजेरी हातात धरता येते. पहिल्या प्रकारात सोय मोठी. दोन्ही हात शस्त्रावर राहतात. परंतु त्या दिव्याने जे पाहावयाचे, त्यावर आधी बंदूक रोखावी लागते. १९७६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेचे पहिले अध्यक्ष जेफ कूपर यांनी शस्त्र हाताळण्याचे चार नियम रूढ केले. ज्याचा नाश करावयाचा नाही त्यावर नळी वळवू नये, हा त्यांतील एक. लक्ष्याची व त्यापलीकडचीही खात्री करावी, हा दुसरा. केवळ नळीखालच्या दिव्याने शोध घेणारा हा दुसरा नियम पाळण्यासाठी पहिला मोडतो.

मग अंधारात चूक घडली, तर ती कोणत्या क्षणाची? जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी हात मुखाशी बरोबर जातो, हे पाहून अर्जुन रात्री धनुर्विद्येचा सराव करू लागला. दशरथाजवळही तसेच कौशल्य होते. शरयूतीरी घागर भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. नेम अचूक होता, हेतू दुष्ट नव्हता. तरी ज्याला आपण श्रावणबाळ म्हणतो तो प्राणास मुकला. सरावाने अंधारात हात चुकत नाही; समोर कोण आहे, हे मात्र सराव सांगत नाही.

भारतीय दंड संहितेचे ८० वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १८ वे झाले, कायदेशीर कृत्य करताना घडलेल्या अपघातास क्षमा करते. पण कर्त्याने योग्य ती काळजी व सावधगिरी घेतलेली असावी लागते. अर्थात न्यायालय चाप ओढणाऱ्या बोटाकडेच पाहत नाही; त्याआधीच्या दुपारकडेही पाहते.

कोणी म्हणेल, घड्याळ चालू असता इतका विवेक कसा सुचावा? आक्षेप खरा आहे, आणि उत्तर त्यातच आहे. रात्री वेळ मिळणार नाही हे ज्यास दुपारीच ठाऊक होते, त्याला रात्री ‘वेळ नव्हता’ ही सबब उरत नाही.

उलटतपासणीस उभा राहताना मी स्वतः अनेकदा दिवा नळीखालीच जडविला आहे. साक्षीदाराला पाहण्यापूर्वीच त्याच्यावर आरोप रोखला, आणि त्याच उजेडात तो मला दोषी दिसला. घरी, शेजारी, परभाषकाशी वागतानाही आपण हेच करतो. तेव्हा अंधारात जाणाऱ्याने शस्त्र हवे तर घ्यावे. पण निव्वळ पाहण्यासाठी एक दिवा निराळा घ्यावा, आणि तो घरून निघण्यापूर्वीच तपासून घ्यावा.