जुने नाणे आणि आपला विवेक



आपल्या सोलापुरात अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे आजीच्या पेटीच्या तळाशी एखादा राणीछाप रुपया फडक्यात बांधून ठेवलेला असतो. कुणी तो गिरणीच्या पगारातून शिल्लक टाकलेला, कुणाला लग्नात आहेर म्हणून मिळालेला. पूर्वी त्याची किंमत सराफाचा तराजू ठरवी. आता लोक विचारतात, "लिलावात याचे किती येतील?" जुन्या नाण्यांचे लिलाव मुंबईसारख्या शहरांत नेहमी होतात आणि घरबसल्या मोबाईलवरूनही बोली लावता येते. आपल्यापैकी काहींना हा छंद आहे, काहींना त्याची ओढ लागली आहे. म्हणून आज आपण विचार करू या: श्रद्धावंताने अशा छंदात पैसा घालावा का? आणि घालावा, तर कोणत्या मर्यादा पाळाव्यात?

आधी नाण्याची किंमत कशी वाढते ते पाहू. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया वजनाने एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे. १९४० पूर्वीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. असे बहुतेक रुपये आजही चांदीच्या भावाच्या आसपासच विकले जातात. पण १९११ सालच्या रुपयाची गोष्ट वेगळी. त्यावर पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला, की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली, सरकारने बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. जी थोडी नाणी उरली, त्यांना संग्राहक जास्त पैसे मोजतात. चांदी तीच, वजन तेच. फक्त नाणे दुर्मिळ झाले.

इंग्लंडमधले एक उदाहरण तर आपल्याला अंतर्मुख करणारे आहे. १९३३ साली तिथे चलनासाठी नव्या पेनींची गरजच नव्हती, म्हणून टांकसाळीने अगदी मोजक्या पाडल्या. त्यांतल्या काही नव्या इमारतींच्या कोनशिलेखाली ठेवण्यात आल्या. लीड्स शहरातल्या दोन अँग्लिकन चर्चच्या पायातही एकेक पेनी ठेवली गेली. १९७० साली एका चर्चमधली पेनी चोरांनी पळवली. दुसरीवरही डोळा जाईल या भीतीने तिथल्या बिशपांनी ती बाहेर काढायला लावली आणि १९७२ साली ती लिलावात विकली गेली. कोनशिलेखाली ठेवली त्या दिवशी ती एक पेनीच होती. तिच्या तांब्यात पुढे काहीही बदलले नाही. बदलली ती माणसांची नजर.

याचा अर्थ नाणी जमवणे वाईट, असा नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातली ती स्त्री आठवा. एक नाणे हरवले म्हणून तिने दिवा लावला, घर झाडले, सापडेपर्यंत शोधले आणि शेजारणींना बोलावून आनंद केला. खरा संग्राहकही असाच असतो. मुशीत जाणारे नाणे तो वाचवतो, त्यावरची अक्षरे वाचतो, मुलांना इतिहास सांगतो. इतिहास जपणे ही समाजाची सेवाच आहे.

आपल्या सोलापूरकरांना त्या इतिहासाची एक वेगळी वेदनाही आहे. मे १९३० मध्ये हे शहर पेटून उठले, इथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या दिवसांत लोकांच्या खिशात खुळखुळणाऱ्या रुपयांवर याच पंचम जॉर्जचा मुखवटा होता. मग तो मुखवटा आपण पैसे देऊन घरात आणावा का? प्रभू येशूसमोर कैसराचे नाणे धरले गेले, तेव्हा त्याने ते फेकून दिले नाही आणि त्याला नमनही केले नाही. त्यावर कोणाची प्रतिमा आहे एवढेच विचारले आणि कैसराचे कैसराला, देवाचे देवाला द्यायला सांगितले. नाण्यावर राजाची प्रतिमा असते, माणसावर देवाची. त्या चौघांवरही देवाचीच प्रतिमा होती. हे ध्यानात ठेवून बादशहाचा रुपया जपला, तर तो साक्षीदार होतो. त्या प्रतिमेचा विसर पडला, तर तीच चांदी मूर्तिपूजा होते.

आता खऱ्या कसोटीकडे येऊ. समजा, एखाद्या मावशींनी नातीच्या फीसाठी चार जुने रुपये विकायला काढले. त्यांना वाटते, ही नुसती चांदी आहे. त्यांतला एक रुपया दुर्मिळ आहे हे घेणाऱ्याला कळते. तो गप्प बसतो, वजनावर पैसे मोजतो आणि पुढच्या महिन्यात तोच रुपया अनेक पटींनी विकतो. त्याने चोरी केली का? कायद्याच्या भाषेत कदाचित नाही. परंतु तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमक्या अशाच प्रसंगाचा विचार केला होता. विकणारा सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे आणि घेणाऱ्याने भरपाई केलीच पाहिजे, असे त्यांनी शिकवले. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीतही (क्रमांक २४०९) दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा उठवून भाव वाढवणे सातव्या आज्ञेविरुद्ध मानले आहे.

कुणी म्हणेल, "शेतात ठेव सापडलेल्या माणसाने ती पुन्हा लपवली आणि शेत विकत घेतले, हा दाखला तर प्रभूनेच सांगितला!" होय, पण तो व्यवहाराचा धडा नाही. स्वर्गाच्या राज्यासाठी सर्वस्व द्यावे, हे त्याचे सार आहे. अभ्यासाने मिळवलेल्या ज्ञानाचा मोबदला घेणे गैर नाही. व्यापाऱ्यालाही घर चालवायचे असते. पण ज्ञान झाकून ठेवून मिळवलेला नफा म्हणजे मावशींच्या ताटातला घास आहे. "मावशी, हा रुपया तराजूवर देऊ नका, दोन जाणकारांना दाखवा, नाहीतर लिलावात द्या," एवढे एक वाक्य बोलले, तरी न्याय होतो. खुल्या लिलावाचे खरे बळ हेच आहे, की तिथे एकट्याच्या ज्ञानावर भाव ठरत नाही.

दुसरी कसोटी आपल्या हाताची. बोली चढू लागली, की विवेक मागे पडतो. म्हणून लिलावापूर्वीच आकडा ठरवावा. बोलीवर लिलावगृहाचे कमिशन व कर चढतात, तेही त्यात धरावेत. घरातील फी, औषधपाणी, कर्जाचा हप्ता आणि गरिबाचा वाटा आधी बाजूला काढावा. कर्ज काढून नाणे घेऊ नये आणि जोडीदारापासून लपवून तर मुळीच घेऊ नये. बाजारात सर्वांत मोठा भाव मिळतो तो कुणाच्या हातातून न गेलेल्या कोऱ्या नाण्याला. मंदिराच्या दानपेटीत विधवेने टाकलेली दोन नाणी मात्र तिच्या रोजच्या पोटापाण्याची होती, आणि प्रभूने मोठी रक्कम टाकणाऱ्यांपेक्षा तिचे दान मोठे ठरवले.

कायद्याचेही भान हवे. जमिनीत पुरलेली ठेव सापडली आणि तिचे मोल दहा रुपयांहून अधिक असले, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात; ती परदेशी पाठवता येत नाहीत. आणि रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून कुणी जुन्या नाण्यासाठी आधी शुल्क मागितले, तर ती फसवणूक समजावी. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसा जाहीर इशारा दिला आहे.

या आठवड्यात आपण एवढे आत्मपरीक्षण करू या. प्रश्न केवळ नाण्यांचा नाही. अडलेल्या भावाची जमीन, विडी वळणाऱ्या बहिणीची मजुरी, विणकराचा माल यांचे खरे मोल ठाऊक असूनही आपण गप्प राहून स्वस्तात घेतले आहे का? घेतले असेल, तर भरपाईचा मार्ग अजून खुला आहे. प्रत्येक माणसावरील देवाची प्रतिमा ओळखण्याची दृष्टी प्रभू आपणां सर्वांना देवो.