वंशवेलीबाहेरचे आप्त

कोणत्याही घराण्याचा इतिहास शोधायला निघालो की सर्वांत आधी गाठ पडते ती आख्यायिकेशी. एदगार देगा या चित्रकाराच्या घरातही अशी एक आख्यायिका होती. त्याने ती पॉल व्हालेरी या कवीला सांगितली आणि व्हालेरीने ती लिहून ठेवली. देगाचे आजोबा इलेर धान्याचा व्यापार करत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या दहशतीच्या काळात, शत्रुसैन्याचे स्वागत केल्याच्या आरोपावरून व्हर्दँ शहरातल्या काही तरुणी गिलोटिनवर गेल्या. त्यांतल्या एकीशी इलेरचे लग्न ठरले होते. आता आपलीही पाळी येणार हे कळताच तो पळाला, नेपल्सला पोहोचला आणि तिथे त्याने सावकारी पेढी उभी केली. प्रेम, क्रांती, पलायन आणि शेवटी वैभव! नातवाने म्हातारपणापर्यंत जपावी अशीच ही कथा आहे.

तिच्यातून एक गोष्ट मात्र गळून गेली आहे. 1770 साली ऑर्लेआँमध्ये जन्मलेला इलेर पाव भाजणाऱ्यांच्या कुळातला होता. घराण्याच्या आठवणीत गिलोटिन राहिले, भट्टी राहिली नाही. पुढे त्याचा मुलगा ऑग्युस्त पेढीची शाखा काढायला पॅरिसला आला, तेव्हा कुटुंब आपले आडनाव ‘द गा’ असे तोडून लिहू लागले होते. तसे लिहिले की ते सरदारकीचे वाटे. एदगारने 1870 च्या सुमारास ही फोड कायमची सोडली आणि साधे, सलग ‘देगा’ अशी सही करायला सुरुवात केली. आपल्या कुळाबद्दलचे सत्य त्याने बोलून दाखवण्याऐवजी चित्राच्या कोपऱ्यात लिहिले, असे मला वाटते.

आख्यायिकेनंतर येतात कागद. कागद खोटे बोलत नाहीत असा आपला भाबडा समज असतो, पण पॅरिसमध्ये कागद उरलेतच किती? देगा 19 जुलै 1834 रोजी पॅरिसमध्ये जन्मला. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदींच्या तिथे दोन प्रती ठेवत. एक नगरभवनात आणि दुसरी न्यायमंदिरात, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहावी. मे 1871 मध्ये पॅरिस कम्यून या बंडखोर नगरसत्तेच्या अखेरच्या रक्तरंजित आठवड्यात या दोन्ही इमारती पेटल्या आणि 1860 पूर्वीची पॅरिसची जवळपास सगळी नोंदवही राख झाली. पुढे सरकारने घरोघरी जपलेले दाखले, नोटरींकडच्या प्रती आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी गोळा करून सुमारे एक तृतीयांश नोंदी पुन्हा उभ्या केल्या. ज्यांच्या घरी मिळकतीचे दस्त होते, ज्यांची नोटरीकडे ऊठबस होती, त्यांचे पूर्वज त्या राखेतून परत आले. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या धोबिणीचे आणि हमालाचे पूर्वज बहुधा तिथेच राहिले. आग सगळ्यांना सारखीच लागली, तरी नुकसान सगळ्यांचे सारखे झाले नाही.

देगा घराण्याचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज मात्र कुठल्याच दप्तरात नव्हता. तो खुद्द देगाच्या स्टुडिओत पडून होता आणि आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ‘बेलेल्ली कुटुंब’ हे ते प्रचंड चित्र, सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद. 1858 साली इलेर वारले. त्यांची मुलगी, म्हणजे देगाची आत्या लॉरा, तेव्हा फ्लॉरेन्समध्ये राहत होती. तिचा नवरा जेनारो बेलेल्ली 1848 च्या उठावानंतर नेपल्समधून परागंदा झाला होता. देगा तिथे राहिला, त्याने रेखाटने केली आणि पॅरिसला परतल्यावर कित्येक वर्षे हे चित्र रंगवले.

चित्रात आत्या बापाच्या सुतकातल्या काळ्या पोशाखात ताठ उभी आहे. तिचा एक हात थोरलीच्या खांद्यावर आहे, पण नजर कोणावरच नाही. धाकटी खुर्चीत एक पाय दुमडून बसली आहे आणि तिचे तोंड बापाच्या दिशेने वळते आहे. बाप शेगडीजवळच्या आरामखुर्चीत आपल्याकडे पाठ करून बसला आहे. नवराबायकोच्या मध्ये टेबल आहे, मुलगी आहे आणि दोघांनाही ओलांडता न येणारे अंतर आहे. आत्याच्या डोक्यामागे भिंतीवर एक लहानशी चौकट दिसते. तिच्यात इलेरचे लाल खडूतले चित्र आहे. वंशावळीत या चौघांची नोंद एका ओळीत होते: पती, पत्नी, दोन मुली. तीच ओळ देगाने उलगडली आणि त्या घरातली घुसमट मांडली. वंशवृक्ष फक्त कोण कोणाचे ते सांगतो, कोण कोणाजवळ होते ते त्याला ठाऊक नसते.

देगाच्या आईचे माहेर समुद्रापार होते. सेलेस्तीन म्युसाँ ही न्यू ऑर्लिन्सची. तिचे वडील जेरमँ म्युसाँ सेंट डोमिंगोचे, म्हणजे आजच्या हैतीचे. गुलामांच्या उठावाने ती वसाहत फ्रान्सच्या हातून गेली आणि तिथल्या पुष्कळ गोऱ्या कुटुंबांप्रमाणे त्यांनीही लुइझियानात बस्तान बसवले. कापसाच्या व्यापारात त्यांनी पैसा केला. तो कापूस गुलामांच्या हातांनी वेचलेला होता. सेलेस्तीनची आई न्यू ऑर्लिन्सच्या रिलिए घराण्यातली. देगा तेरा वर्षांचा असताना सेलेस्तीन वारली. आजोळचा शोध आपण इथे थांबवला, तर एक नीटनेटकी वंशावळ हाती येते.

पण न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या वेगवेगळ्या होत्या. गोऱ्यांची वही निराळी. गुलामांची आणि गुलामीत नसलेल्या मिश्रवर्णीयांची निराळी. देगाच्या आजीचा भाऊ व्हिन्सेंट रिलिए याचे कोन्स्तान्स व्हिव्हाँ या स्वतंत्र मिश्रवर्णीय स्त्रीशी नाते होते. गोऱ्या आणि मिश्रवर्णीय माणसांच्या लग्नाला कायद्याची मनाई होती, त्यामुळे विवाहाच्या वहीत त्यांची नोंद होणे शक्यच नव्हते. 1806 मध्ये त्यांना मुलगा झाला, नॉर्बेर. तो देगाच्या आईचा सख्खा मामेभाऊ. देगाच्या चरित्रात हे नाते ठळकपणे आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, ख्रिस्तोफर बेन्फी या अभ्यासकाच्या लेखनातून.

बापाने नॉर्बेरला शिकायला पॅरिसला पाठवले आणि तो वाफेच्या विज्ञानात पारंगत झाला. त्या काळी उसाचा रस उघड्या कढयांत आटवत. आगीच्या झळा सोसत गुलाम माणसे उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत आणि भाजून निघत. नॉर्बेरने बंद भांड्यांची मालिका बसवली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस तापवते, दुसऱ्यातली वाफ तिसऱ्यातला. पुढच्या भांड्यांत दाब कमी ठेवल्यामुळे तिथे रस कमी उष्णतेवर उकळतो. जळण वाचते, साखर करपत नाही आणि माणसाला कढईशी उभे राहावे लागत नाही. 1843 मध्ये त्याला पेटंट मिळाले. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग महाराष्ट्रभर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. त्या प्रत्येक कारखान्यात रस याच तत्त्वावर आटवला जातो. कोल्हापूर-नगरच्या ऊस उत्पादकाचे घर चालते, त्यात देगाच्या या आप्ताच्या बुद्धीचाही वाटा आहे. आयुष्याची अखेरची वर्षे नॉर्बेर पॅरिसमध्ये राहिला आणि 1894 मध्ये तिथेच वारला. आईचा मामेभाऊ आणि तिचा मुलगा एकाच शहरात दशकानुदशके राहत होते.

1872 च्या शरदात देगा स्वतः न्यू ऑर्लिन्सला गेला. मामा मिशेल म्युसाँच्या कापसाच्या कचेरीचे त्याने केलेले चित्र प्रसिद्ध आहे. पुढे मामा चष्मा लावून कापसाचे तंतू ताणून पाहतो आहे, भाऊ रने वर्तमानपत्र वाचतो आहे आणि दुसरा भाऊ आशिल खिडकीला टेकून रिकामा उभा आहे. टेबलावर पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग आहे. वरवर पाहता सुबत्तेचे हे चित्र, पण त्याच काळात मामाची पेढी बुडत होती. पुढे हाच मामा गोऱ्यांचे वर्चस्व पुन्हा प्रस्थापित करू पाहणाऱ्या ‘व्हाइट लीग’ या संघटनेत दाखल झाला. आपल्या सख्ख्या मामेभावाच्या जमातीविरुद्ध त्याने शस्त्र धरणाऱ्यांची बाजू घेतली. नाते रक्तात असूनही ते मानले नाही, तर माणूस कुठवर जातो, याचे हे उदाहरण माझ्या मनातून जात नाही.

1874 मध्ये देगाचे वडील ऑग्युस्त वारले आणि पॅरिसच्या पेढीवर कर्जाचा डोंगर असल्याचे उघड झाले. रनेने अमेरिकेतल्या व्यापारासाठी घेतलेली रक्कमही त्यात होती. चाळिशीतल्या देगाने घर विकले, वडिलांनी जमवलेली चित्रे विकली आणि देणी फेडायला घेतली. तोवर चित्र विकण्याची त्याला फारशी गरज पडली नव्हती. आता नर्तकींची पेस्टल आणि रंगवलेले पंखे तो बाजारासाठी करू लागला. ज्या नर्तकींमुळे जग त्याला ओळखते, त्यांच्यामागे घराण्याची अब्रू राखण्याची ही धडपड आहे.

रनेने मात्र 1878 मध्ये पत्नी एस्तेलला टाकले आणि शेजारणीसोबत तो निघून गेला. एस्तेल त्याची मामेबहीण, अमेरिकेच्या यादवी युद्धात पहिला नवरा गमावलेली आणि तोवर दृष्टीही गमावलेली. स्वतःची दृष्टी जाण्याच्या भीतीने ग्रासलेल्या देगाने तिचे चित्र काढले होते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्या चित्रात ती फिकट पोशाखात सोफ्यावर बसली आहे आणि तिचे डोळे कशावरच थांबत नाहीत. नवऱ्याने टाकल्यावर तिच्या मुलांनी देगा हे नाव सोडून आजोळचे म्युसाँ हे नाव घेतले. एदगार भावाशी कित्येक वर्षे बोलला नाही.

इतके सारे समोर मांडल्यावर मला वंशवेलीपेक्षा हिशेबाची वही अधिक खरी वाटू लागते. वंशवेल नावाच्या मागे जाते आणि म्हणून कोन्स्तान्स व्हिव्हाँला गाळते, एस्तेलच्या मुलांना गमावते. वहीत मात्र कोणाचे श्रम कोणाच्या घरात आले, कोणी कोणाचे कर्ज अंगावर घेतले आणि कोणी हात झटकले, हे सगळे उतरते. देगाने बापाचे देणे मानले आणि फेडले. आईच्या माहेरच्या संपत्तीखाली जे देणे होते, ते त्या घराने कधी वहीत चढवलेच नाही.

घराण्याचा शोध घेणाऱ्याचे काम इथून सुरू होते. पूर्वजांनी केलेली वाटणी त्याला बदलता येत नाही. पण दोन वेगळ्या वह्यांत ठेवलेली नावे तो एका पानावर आणू शकतो. आजीच्या नावाशेजारी तिच्या भावाचे, त्याच्या शेजारी कोन्स्तान्सचे आणि खाली नॉर्बेरचे नाव लिहू शकतो. देगाची चित्रे त्याने लहान होत नाहीत. ती कोणाकोणाच्या कष्टांतून, अपमानांतून आणि ऋणातून उमलली, ते आपल्याला कळते, आणि ते कळल्याशिवाय देगा घराण्याचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.