बळ सरते तेव्हा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 27:27 ते 28:2



पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडी नावाचे गाव आहे. 25 जुलै 2022 रोजी तेथील एका शेतात एक लहान विमान उतरले. बारामतीच्या वैमानिक-शाळेचे ते सेस्ना 152 जातीचे, दोन आसनांचे विमान होते. ते चालविणारी बावीस वर्षांची विद्यार्थिनी त्यात एकटीच होती. बारामती सुमारे 15 सागरी मैल दूर असता इंजिनाचे बळ गेले, आणि तिला वाटेतच जमिनीचा आश्रय घ्यावा लागला. विमानाची मोडतोड झाली. परंतु ती किरकोळ जखमांनिशी वाचली, आणि गावचे लोक तिच्या मदतीस धावले.

इंजिन थांबले की विमान दगडासारखे पडते, असे आपणांस वाटते. तसे नाही. पंखांवरून वारा वेगाने वाहतो तोवर पंख विमानास तोलून धरतात. असल्या विमानास हजार फूट उंचीवरून सुमारे दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, तरंगत जाता येते. मात्र त्यासाठी वैमानिकाने विमानाचे नाक थोडे खाली केले पाहिजे. भ्यालेल्या मनास तर नाक वर ओढावेसे वाटते. पण तसे केले असता वेग सरतो, पंखांचा आधार सुटतो आणि मग विमान खरोखरच कोसळते. जो उंची सोडावयास तयार नाही, तोच पडतो.

बंधूंनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात विमाने थोडी, पण बळ सरलेली घरे पुष्कळ आहेत. पावसाने दगा दिला, बांधीतील धान गेले, तरी मुलीचे लग्न थाटानेच व्हावयास हवे. म्हणून सावकाराचे कर्ज, आणि ते फेडण्यास दुसरे कर्ज! मंडळीत कोणास कळू द्यावयाचे नाही. हे नाक वर ओढणे नव्हे काय?

आम्हा सेवकांचेही तेच. एका पावसाळ्यात मला हिवताप भरला असता, पाळकच निजला तर लोक काय म्हणतील, या लाजेने मी वैनगंगेकाठच्या गावांतून फिरतच राहिलो. शेवटी एका गरीब विश्वासणाऱ्याच्या ओसरीत पडलो. त्या घराने आपली एकुलती घोंगडी माझ्या अंगावर घातली. त्या रात्री मी जो उपदेश ऐकला, तो माझ्या सर्व उपदेशांहून मोठा होता.

पौलाच्या तारवात 276 माणसे होती. वादळात त्यांनी गहू समुद्रात टाकला, नांगर तोडून सोडले आणि तारू किनाऱ्याकडे लोटले. कोणी पोहून, कोणी फळ्यांवरून, पण सर्व जण जमिनीस लागले. तारू मात्र फुटले. देव आपले प्रत्येक तारू राखील असे मी सांगत नाही. शेत जाईल, मान जाईल, कदाचित देहही जाईल. परंतु जो त्याच्या हाती आहे त्यास तो सोडीत नाही. मेलिता बेटावर उतरलेल्या त्या भिजलेल्या लोकांसाठी परक्यांनी शेकोटी पेटविली, आणि प्रेषिताने ती ऊब नाकारली नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. वैमानिकाचे शिक्षण घेणाऱ्यास इंजिन धडधाकट असतानाच, त्याचे बळ मुद्दाम कमी करून, असे उतरण्याचा सराव पुनःपुन्हा करवितात. संकटाच्या घटकेस नवे शिकण्यास सवड नसते. म्हणून सुगीच्या दिवसांतच घरची प्रार्थना चालू ठेवा. पोट भरलेले असतानाच गुडघे टेकावयास शिका.

ज्याचे बळ सरले असेल त्याने या रविवारी उपासनेनंतर वडिलांपैकी एकास गाठून खरे काय ते सांगावे. आणि मंडळीने त्याची चर्चा न करता कडबनवाडीच्या लोकांप्रमाणे धावावे. खाली उतरणाऱ्यास शेत हवे असते. ते शेत आपण होऊ या.

प्रभू येशू, जो स्वर्गाचे वैभव सोडून आम्हांकरिता खाली उतरला, तो आम्हांस नम्र होण्याची कृपा देवो. आमेन.