इंद्रायणीत बुडवलेली खते

1630 साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे बेचिराख केले, निजामशाही अखेरच्या घटका मोजत होती आणि शाहजहानचा तळ बुऱ्हाणपुरात पडला होता. बादशहाने लंगर उघडले, काही सारा माफ केला. दख्खनची मोहीम मात्र थांबवली नाही. सतराव्या शतकात जगभर हवामान बिघडले होते आणि चीनपासून युरोपपर्यंत राज्ये हादरत होती. जेफ्री पार्कर या इतिहासकाराने 2013 च्या ‘ग्लोबल क्रायसिस’ या ग्रंथात याची सविस्तर मांडणी केली आहे. त्यांचा रोख आभाळापेक्षा माणसांकडे अधिक आहे: दुष्काळातही युद्धे आणि करवसुली चालू राहिली, म्हणून समाज कोसळले.

देहूच्या मोरे घराण्याकडे, म्हणजे संत तुकारामांच्या घरी, महाजनकी होती, सावकारी होती. या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नान्न करत गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बसला. पुढची हकीकत महिपतीबुवांनी लिहिलेल्या चरित्रामुळे घरोघरी पोचली. तुकोबांनी घरातली कर्जखते काढली, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली.

कीर्तनात हा प्रसंग बहुधा वैराग्याचा दाखला म्हणून येतो. पण खतांच्या पलीकडच्या बाजूला कुळे होती, आणि तीही त्याच दुष्काळात होरपळलेली. संकट कलियुगाच्या माथी मारून वसुली चालू ठेवता आली असती. खते तशीच घरात टाकून डोंगरावर जाऊन बसता आले असते. मग ती भावाने वसूल केली असती. तुकोबांनी दोन्ही केले नाही. सुगीच्या दिवसांत दिलेला शब्द सर्वनाशानंतर त्याच कठोरपणे मागता येतो का, या प्रश्नाला त्यांनी नाही म्हटले, आणि तेही फक्त स्वतःच्या वाट्यापुरते. भावाचा हिस्सा बुडवून पुण्य जोडले नाही. या कृतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

जिथे धनको स्वतःहून थांबत नाही तिथे काय होते, तेही पुणे जिल्ह्यानेच पाहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. वर सरकारने शेतसारा वाढवला. 12 मे 1875 रोजी सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कागदपत्रे पेटवली. उठाव आसपासच्या गावांत पसरला. अनेक ठिकाणी खते हाती दिल्यावर सावकाराच्या अंगाला कोणी बोट लावले नाही. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

आपत्तीनंतर कर्ज कसे मागायचे, हा प्रश्न आज अख्ख्या देशांपुढे उभा आहे. 2024 हे जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक वाढलेले पहिले वर्ष ठरले. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा या चिमुकल्या देशात 2004 च्या ‘आयव्हन’ चक्रीवादळाने सुमारे 90 टक्के घरांची मोडतोड केली. पुढे कर्जाची फेररचना करताना त्या देशाने रोख्यांत एक अट घालून घेतली: मोठे वादळ आले तर हप्ते पुढे ढकलले जातील. जुलै 2024 मध्ये ‘बेरिल’ वादळ आले आणि ती अट लागू झाली. कर्ज माफ झाले नाही, मुदत तेवढी मिळाली. तरीही त्या महिन्यांत तिजोरीतला पैसा आधी छपरांकडे वळवता आला.

आपल्याकडे पीककर्ज मात्र अजून पाऊस वेळेवर येईल या भरवशावरच लिहिले जाते. अतिवृष्टीने शेतातली माती वाहून गेली की मग पंचनामे, पुनर्गठन आणि कर्जमाफीची मागणी सुरू होते. तो दिलासा मिळेल की नाही, हे पुष्कळदा निवडणुकीच्या वेळापत्रकावर ठरते. कर्जाच्या कागदातच ग्रेनेडासारखी अट घालणे ही दया नव्हे. ज्या आपत्तीत कर्जदाराचा दोष नाही तिचा भार धनकोनेही उचलावा, एवढाच तो न्याय आहे. तुकाराम बीजेला देहूत लाखो वारकरी जमतात. तिथल्या कीर्तनकारांनी या वर्षी खतांचा प्रसंग कुळांच्या बाजूने सांगावा, आणि श्रोत्यांत बसलेल्या बँकांच्या व सोसायट्यांच्या संचालकांनी तो मन लावून ऐकावा.